संगणकावरील शोध आणि अर्थाचे जाळे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय नावाने जड वाटेल, पण तो आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे. इंटरनेटवर आपण जो शोध घेतो, तो अधिक अर्थपूर्ण आणि ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे कसा होऊ शकेल, आणि तसा तो होत असताना आपण काय जपले पाहिजे, एवढाच हा विषय आहे. पूर्वी प्रवेशाची, दाखल्याची, फीमाफीची चौकशी करावयाची झाली तर पालक हेडमास्तरांकडे जात, किंवा मोहल्ल्यातील एखाद्या शिकलेल्या माणसाकडे कागद घेऊन जात. आता ती चौकशी मोबाइलकडे होते. ज्याच्याकडे आपण मुलांच्या भवितव्याची चौकशी करतो, तो आपला प्रश्न समजून उत्तर देतो की नुसते शब्द ऐकून, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

शब्द आणि अर्थ

एक साधा शब्द घेऊ: कलम. कुरआनच्या सर्वप्रथम अवतीर्ण झालेल्या आयतींत वाचनाबरोबर कलमाचा उल्लेख आहे, हे येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. तेथे कलम म्हणजे लेखणी. पण हाच शब्द रत्नागिरीच्या बागायतदाराने उच्चारला तर त्याच्या डोळ्यांपुढे हापूसचे कलम येते. वकिलाने उच्चारला तर कायद्यातील कलम. आणि आपल्या मुलांनी घाईघाईत रोमन लिपीत टाइप केला तर कलम आणि कलाम यांतला फरकच नाहीसा होतो; मग डॉ. अब्दुल कलामही त्याच रांगेत येऊन उभे राहतात. मनुष्याला यांतला कोणता अर्थ हवा हे सांगावे लागत नाही, कारण बोलणारा कोण, बोलणे कशाबद्दल चालले आहे, हे त्याला ठाऊक असते. यंत्राला ते ठाऊक नसते. त्याच्या लेखी कलम म्हणजे एकामागून एक आलेली तीन अक्षरे.

शोधयंत्राचे मूळ काम असे की, जगातील असंख्य पाने वाचावयाची, कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची करून ठेवावयाची, आणि कोणी तो शब्द विचारला की ती पाने पुढे करावयाची. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगलच्या संस्थापकांनी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी, यात एक महत्त्वाची भर घातली. एखाद्या पानाकडे इतर किती पाने बोट दाखवितात, आणि ती बोट दाखविणारी पाने स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्यांनी पानांचा क्रम लावला. गावात कोणाच्या बाजूने किती भल्या माणसांची साक्ष आहे हे पाहावे, तसाच हा प्रकार. त्याने शोध पुष्कळच सुधारला. पण साक्षीदार मोजणे वेगळे आणि विषय समजणे वेगळे.

अर्थाचे जाळे म्हणजे काय

वर्ल्ड वाइड वेबची मूळ कल्पना टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाची. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत काम करीत असताना मार्च १९८९ मध्ये त्यांनी तिचा पहिला मसुदा लिहिला. त्याच बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांच्यासह मे २००१ च्या 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात एक लेख लिहून पुढची पायरी सांगितली. तिला त्यांनी सिमँटिक वेब म्हटले. आपण त्यास अर्थाचे जाळे म्हणू. त्या लेखात एका भावाबहिणीचे उदाहरण आहे. त्यांच्या आईला उपचारांची गरज असते. घरापासून जवळचे, विम्यात बसणारे आणि चांगला लौकिक असलेले केंद्र कोणते, आणि दोघांना कोणत्या दिवशी आईला नेता येईल, हे सारे त्यांचे संगणक आपसांत ठरवून त्यांच्यापुढे ठेवितात.

हे साधावयाचे कसे? माहिती माणसाने वाचावी अशी लिहावयाची, आणि तिच्याच जोडीला यंत्राला उमजेल अशी खूणगाठही बांधून ठेवावयाची. ही खूणगाठ म्हणजे तीन भागांचे छोटे वाक्य असते. मराठी व्याकरणात आपण कर्ता, कर्म, क्रियापद शिकतो, तसेच. उदाहरणार्थ: 'अब्दुल कलाम – जन्मस्थान – रामेश्वरम.' दुसरे वाक्य: 'रामेश्वरम – राज्य – तमिळनाडू.' यातील प्रत्येक वस्तूला, व्यक्तीला आणि प्रत्येक संबंधाला स्वतःचा असा एक पत्ता देतात. लेखणीचा पत्ता निराळा, आंब्याच्या कलमाचा निराळा, कायद्याच्या कलमाचा निराळा. म्हणजे शब्द एकच असला तरी गल्लत होत नाही. शिवाय वरील दोन वाक्यांवरून, कलाम यांचा जन्म तमिळनाडूत झाला, हे तिसरे वाक्य कोणी लिहून ठेवले नसले तरी यंत्र स्वतः काढू शकते. या पद्धतीची मानके वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १९९९ पासून क्रमाक्रमाने तयार केली.

हे काही अगदी आकाशातून पडलेले नाही. ज्ञानाची नीट वर्गवारी करणे ही जुनी विद्या आहे. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल-नदीम या ग्रंथविक्रेत्याने 'अल-फिहरिस्त' ही आपल्या काळच्या अरबी ग्रंथांची विषयवार सूची तयार केली. आपल्या देशात शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण पद्धती मांडली. एका पुस्तकाला एकाच खणात कोंबण्याऐवजी त्याचा विषय, पदार्थ, क्रिया, स्थळ आणि काळ अशा निरनिराळ्या अंगांनी त्याची ओळख सांगावी, असे त्यांचे म्हणणे. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम सांगितले, त्यांत वाचकाला त्याच्या गरजेचे पुस्तक मिळावे आणि त्याचा वेळ वाचावा, यांवर भर आहे. आज ज्याला आपण व्यक्तिगत शोध म्हणतो, त्याचे बीज येथे आहे.

स्वप्न किती खरे झाले

२००१ मधील चित्र जसेच्या तसे प्रत्यक्षात आले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कारणे समजण्यासारखी आहेत. खूणगाठी बांधण्याचे कष्ट करणार कोण? कोणत्या संबंधाला काय म्हणावयाचे यावर जगाचे एकमत करणार कोण? आणि गिऱ्हाईक ओढण्यासाठी खोट्या खुणा लावणाऱ्यांना आवरणार कोण?

तरीही काही भाग उभा राहिला, आणि तो आपण रोज वापरतो. जून २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग ही समाईक शब्दावली जाहीर केली. मे २०१२ मध्ये गूगलने नॉलेज ग्राफ सुरू केला. एखाद्या व्यक्तीचे नाव विचारताच बाजूच्या चौकटीत जन्म, मृत्यू, कार्य असे जे दिसते ते त्यातून येते. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी विकिडेटा हा सर्वांसाठी खुला असलेला माहितीसाठा सुरू झाला. त्यात प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक असतो आणि त्या एकाच क्रमांकाला मराठी, उर्दू, इंग्रजी अशी अनेक भाषांतील नावे जोडलेली असतात. उर्दूत विचारणारा आणि मराठीत विचारणारा एकाच ठिकाणी पोहोचतो. उर्दू माध्यमात शिकणाऱ्या आणि घराबाहेर मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांना याचे मोल वेगळे सांगावयास नको.

व्यक्तिगत शोधाचे दोन रस्ते

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शोध व्यक्तिगत करण्याचे दोन रस्ते आहेत. दोन्हींना नाव एकच दिले जाते, पण ते निरनिराळ्या दिशांना जातात.

पहिला रस्ता पाळतीचा. तुम्ही काय विचारता, कशावर बोट ठेवता, कोठे राहता, याची नोंद यंत्र ठेविते आणि त्यावरून तुम्ही कोण आहात याचा अंदाज बांधते. डिसेंबर २००९ मध्ये गूगलने, खाते उघडून आत न शिरलेल्या लोकांसाठीही, त्यांच्या मागील १८० दिवसांच्या शोधांवरून उत्तरांचा क्रम बदलण्यास सुरुवात केली. २०११ मध्ये एली पॅरिसर या अमेरिकन लेखकाने यावर पुस्तक लिहून इशारा दिला की, अशाने प्रत्येक माणूस आपल्याच आवडीनिवडींच्या बुडबुड्यात अडकेल. या भीतीचे मोजमाप करण्याचाही प्रयत्न झाला. २०१३ मध्ये बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांना गूगलच्या उत्तरांत व्यक्तीपरत्वे सरासरी ११.७ टक्के फरक आढळला. म्हणजे बुडबुडा होता, पण शोधाच्या बाबतीत तो काही पोलादी भिंतीचा नव्हता.

जाहिरातींच्या बाबतीत मात्र चिंतेचे कारण अधिक आहे. २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या लटान्या स्वीनी यांनी दाखवून दिले की, अमेरिकेत कृष्णवर्णीयांमध्ये प्रचलित असलेले नाव शोधले असता अटकेची नोंद सुचविणाऱ्या जाहिराती अधिक प्रमाणात दिसत. २०१५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकावर काही बनावट पुरुष आणि काही बनावट स्त्रिया तयार केल्या. दोघांचे वर्तन एकसारखे ठेविले. तेव्हा भरघोस पगाराच्या नोकऱ्यांसाठी मार्गदर्शन करणाऱ्या एका सेवेची जाहिरात पुरुषांना १८५२ वेळा दिसली आणि स्त्रियांना ३१८ वेळा.

हे प्रयोग अमेरिकेतील आहेत. पण नावावरून माणसाबद्दल अंदाज बांधला जाणे म्हणजे काय, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकण्याची गरज नाही. माता-भगिनींनो, आपल्या मुलीने दोनदा डी.एड.ची चौकशी केली म्हणून यंत्राने तिला पुढे डी.एड.च दाखवीत राहावे, आणि सागरी विज्ञान किंवा विमान-अभियांत्रिकीचा रस्ता तिच्या नजरेसच पडू नये, तर तिला कोणी अडविले असे म्हणता येणार नाही. पण दार मात्र बंद झालेले असेल. पूर्वी असे दार बंद करणारा माणूस दिसत असे, त्याच्याशी वाद घालता येई. अंदाजाशी वाद कोण घालणार?

दुसरा रस्ता स्पष्टतेचा आहे. येथे यंत्राने तुमचा अंदाज बांधावयाचा नाही. माहिती इतकी नीट लिहावयाची की तुम्हीच आपली अट घालून तीतून हवे ते निवडू शकाल. अर्थाच्या जाळ्याचे खरे काम हे आहे. शिष्यवृत्तीचेच उदाहरण पाहा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पूर्वी पहिलीपासून मिळे. २०२२-२३ पासून ती पहिली ते आठवीच्या मुलांना देणे थांबले. संशोधन करणाऱ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही त्याच वर्षापासून बंद झाली. पण जुनी पाने इंटरनेटवर तशीच पडून आहेत, आणि त्यांत 'शिष्यवृत्ती', 'अल्पसंख्याक', 'अर्ज' हे सारे शब्द आहेत. शब्द जुळविणारे यंत्र ती पाने आजही पुढे करू शकते. त्यावर विसंबून एखादा बाप दिवसाची मजुरी बुडवून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभा राहतो. चूक त्याची नसते. त्याला मिळालेल्या माहितीला तारीख नसते.

समजा, प्रत्येक शिष्यवृत्तीची माहिती तीन भागांच्या वाक्यांत लिहिलेली असती: कोणत्या इयत्तेसाठी, कोणत्या राज्यासाठी, उत्पन्नाची मर्यादा किती, केव्हापासून केव्हापर्यंत चालू, शेवटची तारीख कोणती. मग माझ्या मुलीची इयत्ता, आमचा जिल्हा, आमचे उत्पन्न हे सारे माझ्या मोबाइलमध्येच राहिले असते. मोबाइलने ती खुली यादी आणून घरच्या घरी पडताळणी केली असती आणि लागू पडणाऱ्या तीन-चार योजना पुढे ठेविल्या असत्या. उत्तर पूर्णपणे व्यक्तिगत, आणि आमच्या घरची परिस्थिती कोणा व्यापाऱ्याला कळलेलीही नाही. शोध व्यक्तिगत व्हावयाचा तर आपण पारदर्शक झालेच पाहिजे, ही समजूत खरी नाही. माहिती पारदर्शक झाली तर माणसाला झाकलेले राहता येते. २०१८ मध्ये बर्नर्स-ली यांनी सॉलिड या नावाचा जो प्रकल्प जगापुढे आणला, त्यामागेही हाच विचार आहे: माणसाची माहिती त्याच्या स्वतःच्या पेटीत, आणि किल्ली त्याच्याच हाती.

चांगला ग्रंथपाल कसा असतो? हा मुलगा नववीत आहे, याला गणिताची गोडी आहे, हे त्याला ठाऊक असते आणि तो त्याप्रमाणे पुस्तक काढून देतो. पण मुलगा काय वाचतो हे तो बाजारात सांगत फिरत नाही, आणि कधीकधी मुद्दाम एखादे वेगळ्याच विषयाचे पुस्तकही त्याच्या हाती ठेवितो. शोधयंत्राकडून आपण याहून कमी अपेक्षा का करावी?

सनद कोणती?

आणखी एक गोष्ट. अर्थाच्या जाळ्याची जी पायऱ्यांची आकृती बर्नर्स-ली यांनी मांडली, तिच्या वरच्या भागात पुरावा आणि विश्वास या पायऱ्या आहेत. एखादे वाक्य यंत्राला समजले म्हणून ते खरे ठरत नाही. ते कोणी सांगितले, कोणाकडून घेतले, केव्हा लिहिले, याची नोंद हवी. २०१३ मध्ये यासाठी प्रोव्ह हे मानक तयार झाले.

हे ऐकताच आपणांस हदीसशास्त्राची आठवण होईल. हदीसमध्ये दोन भाग असतात: मूळ मजकूर म्हणजे मतन, आणि तो कोणाकडून कोणाकडे आला याची साखळी म्हणजे सनद. इमाम बुखारी यांच्यासारख्या विद्वानांनी या साखळीतील एकेक कडी तपासली. सांगणारा कोण, त्याची स्मरणशक्ती कशी, ज्याचे नाव तो घेतो त्याला तो भेटला असणे शक्य होते काय, हे पाहण्यासाठी अस्मा-उर-रिजाल ही स्वतंत्र विद्याच निर्माण झाली. संगणकशास्त्रज्ञांनी ही पद्धत तेथून उचलली असे मी म्हणत नाही. पण ज्या समाजाच्या परंपरेत सनद विचारण्याची एवढी कडक शिस्त आहे, त्या समाजाने मोबाइलवर आलेला मजकूर सनद न विचारता पुढे ढकलावा, हे मात्र शोभत नाही.

आपल्या जिव्हाळ्याचे उदाहरण देतो. सावित्रीबाई फुले यांनी नायगावहून १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. ही झाली सनद. इंटरनेटवर मात्र फातिमा शेख यांची जन्मतारीख ९ जानेवारी १८३१ अशी ठिकठिकाणी दिसते, आणि ९ जानेवारी २०२२ रोजी गूगलनेही आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र झळकविले. आपल्याला अभिमान वाटला, आणि तो वाटणे योग्यच होते. पण या तारखेमागे त्या काळचा कोणता कागद आहे, हे सांगणारा दुवा सहसा दिलेला नसतो. असा प्रश्न विचारल्याने फातिमाबींचे मोठेपण तिळभरही कमी होत नाही. उलट, कच्च्या कडीवर अभिमान टांगला तर ती कडी तोडणाऱ्याला मूळ पत्रावरही शंका घेण्याची संधी मिळते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. अशी यंत्रे ओघवती वाक्ये रचतात, पण त्यांचे मूळ शिक्षण कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द संभवतो याचे असते. वाक्य गोड असणे हा त्याच्या खरेपणाचा पुरावा नव्हे.

आपण काय करावे

पालकांना माझी विनंती अशी की, मुलांना मोबाइल देताना त्यातील शोधाच्या नोंदी कशा पाहावयाच्या व कशा पुसावयाच्या हे त्यांच्याबरोबर बसून शिकून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आहे. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला; अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची संमती आणि त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखविण्यास मनाई, ही त्यातील तत्त्वे आहेत. कायदा पुस्तकात असतो. तो वापरणारा नागरिक घरात तयार व्हावा लागतो.

विद्यार्थ्यांनो, प्रश्न अर्धवट विचारू नका. 'शिष्यवृत्ती' एवढेच न विचारता इयत्ता, राज्य, शैक्षणिक वर्ष घाला. उत्तर आले की प्रथम तारीख पाहा, मग सांगणारा कोण ते पाहा, आणि शेवटी मूळ शासकीय पानावर ताडून घ्या. आठवड्यातून एकदा आपल्या अभ्यासक्रमाशी संबंध नसलेला एखादा विषय मुद्दाम शोधा; यंत्राने तुमच्याविषयी बांधलेला अंदाज चुकविण्याचा तो सोपा उपाय आहे. आणि नुसते घेणारे राहू नका. विकिडेटावर आपल्या गावाची, जुन्या शाळांची, मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकांची माहिती आधारासह भरता येते. ती भरण्यास पदवी लागत नाही. आपली नोंद आपण केली नाही तर ती दुसरा कोणी करील, किंवा होणारच नाही.

संस्थेलाही एक सूचना करतो. आपल्या संकेतस्थळावर प्रवेश, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांची माहिती देताना पात्रता, मुदत आणि माहिती केव्हा तपासली ती तारीख, या तीन गोष्टी ठरलेल्या साच्यात द्याव्यात, आणि बंद झालेल्या योजनेपुढे 'बंद' असे स्पष्ट लिहावे. संगणक शिकणारी आपलीच चार मुले हे काम सुटीत करू शकतील. त्यामुळे एका बापाची एका दिवसाची मजुरी वाचली तरी ते काम सार्थकी लागले असे मी समजेन.